जमिनीखाली नदी नाही, पाताळात समुद्र नाही

बोअर मारायचा ठरला की घरात पहिली चर्चा होते ती पाणाड्या कोणता बोलवायचा याची. मग गाडी कुणाची, दर काय, मोटार किती एचपीची. आपल्या शेताखाली खडक कोणता आहे, हा प्रश्न बहुतेक घरांत निघतच नाही. आम्ही भूजलाचा अभ्यास करणारी मंडळी नेमके त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो, म्हणून आमचं बोलणं लोकांना बेचव वाटतं. पाणाड्या जागा दाखवतो, आकडा सांगतो, ‘दीडशे फुटांवर तीन इंच पाणी’ म्हणतो. आम्ही ‘शक्यता आहे’ म्हणतो. ऐकणाऱ्याला काय आवडेल हे सांगायला नको.

पण या सगळ्यामागे जमिनीखालच्या पाण्याचं एक चित्र असतं, आणि ते चित्रच चुकलेलं आहे. खाली नसांसारखे झरे वाहतात, कुठेतरी भूमिगत नदी आहे, आणखी खोल गेलं तर पाण्याचा न संपणारा साठा आहे, असं ते चित्र. ते जुनं आहे. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा एक अध्याय जमिनीखालच्या पाण्यावरच लिहिला, आणि त्याच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की माणसाच्या अंगात जशा शिरा, तशाच जमिनीतही वर-खाली पसरलेल्या शिरा असतात. त्या काळात, कोणतंही यंत्र हाताशी नसताना, हा तर्क वाईट नव्हता. आज तो कवटाळून बसण्याचं मात्र कारण नाही.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग काही काळ शांतता, मग पुन्हा लाव्हा. असे थरावर थर साचत गेले. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात समोरच्या डोंगराकडे नीट पाहिलंत तर उभा काळा कडा, त्यावर हिरवा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशी रचना दिसते. विहीर खोदणाऱ्याला हीच रचना वरून खाली भेटते.

प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट असतो, कारण तो सावकाश थंड झाला. हा आपला काळा फत्तर. वरच्या भागात लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यामुळे तो भाग पोकळ्यांचा, ठिसूळ असतो. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्या पोकळ्या बऱ्याचदा पांढऱ्या खनिजांनी बुजलेल्या असतात. दोन थरांच्या मध्ये कधीकधी लाल, भाजलेल्या मातीसारखा पट्टा लागतो, म्हणजे एका थराची जमीन व्हायला लागली होती तेवढ्यात वरून पुढचा लाव्हा आला. आणि सगळ्यात वर, माती आणि खडक यांच्यामध्ये, ऊन-पावसानं झिजलेला मुरूम.

यात पाणी कुठे असतं? मुरमात, मांजऱ्याच्या झिजलेल्या भागात, फत्तराच्या भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यावर. संपलं. घट्ट फत्तरात जिथे भेग नाही तिथे पाणी जवळपास नाहीच. आणि जिथे आहे तिथेही किती? पाण्यानं पूर्ण भरलेला झिजलेला, भेगाळ बेसॉल्ट उपसायला घेतला तर त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के पाणी हाती लागतं. भूजलाच्या अधिकृत हिशेबात यासाठी २ टक्के धरतात. गंगेच्या मैदानातल्या वाळूमिश्र गाळासाठी हाच आकडा १६ टक्के धरला जातो. उत्तरेत एका मीटर जाडीच्या थरातून जेवढं पाणी मिळतं, तेवढ्यासाठी आपल्याला आठ मीटर ओला खडक लागतो. पंजाबातला बोअर आणि परांड्यातला बोअर यांची तुलना करणाऱ्यांनी हा एक आकडा लक्षात ठेवावा.

जमिनीखालच्या खऱ्या नद्या जगात आहेत. मेघालयात, स्लोव्हेनियात, मेक्सिकोच्या युकातानमध्ये चुनखडीचा खडक पाण्यात विरघळतो, गुहा तयार होतात आणि त्यातून पाणी वाहतं. आपला बेसॉल्ट तसा विरघळत नाही. आपल्याकडे भूजल ‘वाहतं’ म्हणजे भेगाभेगांतून, मुरमाच्या कणांमधून झिरपत सरकतं. नदी एका दिवसात जेवढं अंतर कापते, तेवढ्याला त्याला वर्षं लागू शकतात.

आता पाणाड्या. हातावर उभा राहणारा नारळ, उंबराची किंवा कडुनिंबाची दुबेळकी काठी, तांब्याच्या तारा, पायाळू माणूस, प्रकार अनेक. यातली काठी खरंच फिरते आणि नारळ खरंच उठतो, हे मी नाकारत नाही. तो माणूस मुद्दाम ढोंग करत असतो असंही नाही. ताणून धरलेली काठी किंवा तळहातावर तोल सावरलेला नारळ ही मुळात डळमळीत मांडणी असते. मनगट केसभर वळलं तरी ती कलंडते, आणि मनगट वळलं हे त्या माणसाला स्वतःला कळतही नाही. नकळत होणाऱ्या या सूक्ष्म हालचालींचं स्पष्टीकरण विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १८५२ मध्येच दिलं होतं.

मग चाचण्या. जर्मनीत १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ एका धान्यकोठारात मोठा प्रयोग झाला. खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ इकडून तिकडे सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरच्या पाणाड्यानं तो कुठे आहे ते सांगायचं. सुमारे ५०० जणांतून निवडलेले ४३ सर्वोत्तम पाणाडे, एकूण ८४३ चाचण्या. प्रयोग करणाऱ्यांनी त्यातल्या मोजक्या काहींना विलक्षण यश मिळालं असा दावा केला. पुढे जिम एनराइट या शास्त्रज्ञानं तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्या ‘विलक्षण’ लोकांचे अंदाजही डोळे मिटून सांगितलेल्या अंदाजांइतकेच निघाले. १९९० मध्ये कासेल शहरात ३० पाणाड्यांची आणखी एक चाचणी झाली. अर्धा मीटर खोल पुरलेल्या नळातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच ओळखायचं होतं. निकाल नाणेफेकीइतकाच.

‘मग आमच्या पाणाड्यानं सांगितलेल्या दहापैकी आठ बोअरना पाणी कसं लागलं?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की पावसाळ्यानंतरच्या काही महिन्यांत झिजलेला खडक जिथे चांगला जाड आहे, तिथे तुम्ही डोळे झाकून खडा फेकलात आणि तिथे बोअर घेतला तरी बहुतेक वेळा थोडंफार पाणी लागतंच. खरी कसोटी पाणाड्याच्या जागेची तुलना अशा खडा फेकून निवडलेल्या जागेशी करण्याची आहे, आणि ती गावात कुणी करत नाही. कोरडे गेलेले दोन बोअर ‘गाडीवाल्यानं दोन फूट बाजूला घातला’ या खात्यावर जमा होतात. शिवाय अनुभवी पाणाड्याला शिवार कळत असतं. सखल भाग, दोन ओढ्यांचा संगम, उन्हाळ्यातही हिरवा राहणारा उंबर किंवा जांभूळ, शेजारच्या विहिरीचं पाणी, हे सगळं तो पाहतो. वराहमिहिरानंही झाडं आणि वारुळं यांच्या खुणा दिल्या आहेत, आणि पाणी वर असेल तर काही झाडं ते दाखवतात हे आजही खरं आहे. तर काही पाणाड्यांचे डोळे चांगले असतात. काठी मात्र निमित्त.

आमच्या यंत्रांबद्दलही एक भ्रम दूर करतो. जमिनीत वीज सोडून खडकाचा विरोध मोजणारं यंत्र पाणी ‘दाखवत’ नाही. खडक कुठे झिजलेला, ओलसर आहे आणि कुठे घट्ट आहे, याचा ते अंदाज देतं. हल्ली मोबाइलच्या पडद्यावर रंगीत नकाशा काढून ‘इथे ४ इंच पाणी’ असा आकडाच सांगणारे फिरतात. पाण्याचा आकडा सांगणारं यंत्र दिसलं की समजा, नारळाला बॅटरी लावली आहे.

पण पाणाड्याचं नुकसान मर्यादित आहे, काही हजारांचं. याहून कितीतरी महाग पडलेला गैरसमज म्हणजे खोल गेलं की जास्त पाणी.

वरचा मुरूम आणि झिजलेला खडक आपल्याकडे साधारण दहा-वीस मीटरपर्यंत असतो, कुठे कमी, कुठे जास्त. त्याखाली जसजसं जाल तसतशा वरच्या वजनानं भेगा मिटत जातात, खडक घट्ट होत जातो. खोलवर पाणी लागतं ते एखाद्या सांध्यावर किंवा एखाद्या सुटलेल्या भेगेत. ते लागतं तेव्हा जोरात येतं, कारण त्यावर दाब असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की समुद्रच लागला. पण त्या भेगेचा साठा छोटा असतो आणि तिथवर पावसाचं नवं पाणी पोचायला फार वेळ लागतो. वर्षानुवर्षं साचलेलं पाणी दोन-तीन उन्हाळ्यांत उपसून होतं. मग लोक म्हणतात, ‘पाणी खाली गेलं’, आणि आणखी शंभर फूट. मराठवाड्यात सहाशे, आठशे, हजार फुटांपर्यंत बोअर गेले ते असेच, एकेक शंभर करत.

खोल बोअरचा आणखी एक घोळ आहे जो वरून दिसत नाही. बोअर वरच्या थरातून खाली जातो तेव्हा त्या दोन थरांना जोडणारी उभी वाट तयार होते. केसिंग, म्हणजे बोअरच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आत बसवलेला पाइप, फक्त वरच्या वीस-पंचवीस फुटांना घातलेलं असतं. मग वरच्या थरातलं, विहिरींना पुरणारं पाणी त्या वाटेनं खाली रिकाम्या झालेल्या भेगांत उतरतं. बोअरवाल्याला पाणी मिळत नाही आणि शेजारच्या विहिरीचंही जातं. अशी शेकडो भोकं एका शिवारात पडली की विहिरी पौषातच तळ दाखवायला लागतात.

बोअर लागला त्या दिवशीचा आनंदही जरा तपासून पाहावा. गाडीचा कॉम्प्रेसर हवेच्या दाबानं पाणी वर फेकतो, ते खाचेतून वाहताना त्याच्या धारेची उंची इंचात मोजतात, आणि पेढे वाटले जातात. ते त्या क्षणाचं पाणी असतं, भेगेत साचलेलं. चार इंच लागलं म्हणून साडेसात एचपीची मोटार, नवी पाइपलाइन, ठिबक, आणि वर फळबागेचं कर्ज असा खर्च होतो. खरं उत्पादन कळायला मोटार काही तास सलग चालवून पाण्याची पातळी किती खाली जाते आणि बंद केल्यावर किती वेळात परत येते, हे पाहावं लागतं, आणि तेसुद्धा मार्च-एप्रिलमध्ये. ऑक्टोबरातल्या चाचणीला तसा अर्थ नाही. ऑक्टोबरात सगळेच बोअर श्रीमंत असतात.

विहीर आणि बोअर यांतला फरकही लोक खोलीत मोजतात, तो मोजायला हवा पोटात. सहा इंची बोअर तीनशे फूट खोल आणि काठोकाठ भरलेला असला तरी त्यात मावतं साधारण १६०० ते १७०० लिटर पाणी. वीस फूट व्यासाच्या विहिरीत फक्त एक फूट पाणी म्हणजे जवळपास ९ हजार लिटर. आपल्या खडकातून पाणी हळूहळू पाझरतं, त्यामुळे रात्रभर पाझर साठवून सकाळी तीन-चार तास उपसता येईल अशी रुंद, उथळ विहीर या खडकाला शोभते. हे शहाणपण जुन्या माणसांकडे होतं. बोअर आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आले ते १९६०-७० च्या दशकांतल्या दुष्काळांत, पिण्याच्या पाण्यासाठी, हातपंप बसवायला. सोलापूर आणि जालना भागातल्या कामातून जे हातपंप सुधारत गेले, त्यातल्या सोलापूर पंपावरूनच पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क २’ हातपंप तयार झाला. हातपंपासाठी तो बोअर योग्यच होता. माणसाचा हात उपसून उपसून किती उपसणार? त्याच भोकात पाणबुडी मोटार सोडली तेव्हा हिशेब बिघडला.

हिशेब म्हटलं की लोक पाऊस किती पडला ते सांगतात. तोच हिशेब एकदा शेवटपर्यंत करू.

एका हेक्टरवर ६०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ६० लाख लिटर पाणी. त्यातलं बरंच वाहून जातं, बरंच उडून जातं, पिकं आणि गवत पितात. बेसॉल्टच्या प्रदेशात खडकापर्यंत मुरतं ते ढोबळमानानं दहावा भाग, म्हणजे ६ लाख लिटर. खडकात २ टक्केच जागा असल्यानं एवढ्या पाण्यानं पातळी तीन मीटर, म्हणजे दहा फूट वर येते. विहिरी भरलेल्या पाहून आपल्याला वाटतं, बक्कळ पाणी झालं. तेच पाणी उपसायला लागलो की दहा फूट तितक्याच झटकन उतरतात. भरभर भरणारी विहीर हे मोठ्या साठ्याचं लक्षण नव्हे. साठा लहान आहे म्हणून ती भरभर भरते.

आता एक हेक्टर उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं असं धरा, म्हणजे २ कोटी लिटर. त्यातलं ४० लाख लिटर पावसानं भागवलं असं मानलं तरी १ कोटी ६० लाख उरतात. एका हेक्टरच्या उसाला साधारण २७ हेक्टरवर मुरलेलं सगळं पाणी लागतं. ठिबकनं त्यात चांगली बचत होते, पण उपसा आणि मुरणं यांतली दरी बुजत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. ५० वाघिणींच्या पूर्ण गाडीत सुमारे २५ लाख लिटर पाणी जायचं. म्हणजे हेक्टरभर उसाचं वर्षाचं पाणी आठ गाड्या. तुटीच्या भागात धरणाचं किंवा नदीचं पाणी नसताना, केवळ बोअरच्या जिवावर ऊस करायचा का, या प्रश्नात मला तरी मतभेदाला जागा दिसत नाही. राजकारणात ती आहे, हे मान्य.

जास्त पाऊस म्हणजे जास्त भूजल, हाही असाच सरळ वाटणारा समज. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या वाड्यांना टँकर लागतो. जांभा खडक पाणी चटकन पितो आणि उतार असल्यामुळे तितक्याच चटकन कड्याच्या पायथ्याला सोडून देतो. पाऊस किती पडला याइतकंच खाली साठवायला जागा किती आणि ते पाणी तिथे किती दिवस थांबतं, यावर सगळं अवलंबून असतं. काळ्या मातीत आणखी एक गंमत: उन्हाळ्यात तिला भेगा पडतात तेव्हा पहिला पाऊस आत जातो, पण ओली झाली की ती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरच्या वर वाहायला लागतं. म्हणून एका रात्रीत शंभर मिलिमीटर पडलेल्या पावसाचा भूजलाला फारसा उपयोग नसतो.

‘नदी आटली म्हणून विहिरी आटल्या’ असं आपण सहज म्हणतो. बहुतेक वेळा झालेलं असतं उलटं. पावसाळा संपल्यावर आपल्याकडच्या छोट्या नद्या-ओढ्यांत जे पाणी वाहतं ते खडकातून बाहेर झिरपणारं भूजलच असतं. विहिरी आणि बोअर यांनी पातळी ओढ्याच्या तळाखाली नेली की झिरपणं थांबतं, आणि जो ओढा संक्रांतीपर्यंत वाहायचा तो दिवाळीलाच कोरडा पडतो. नदीपात्रातलं आणि जमिनीखालचं पाणी सरकारी कागदांवर वेगवेगळ्या खात्यांत असलं तरी पाणी एकच आहे.

यातूनच नाला खोलीकरणाचा वाद समजून घेता येतो. पोकलेन लावून नाला जितका खोल तितकं पाणी जास्त, असं मानून अनेक ठिकाणी खोदकाम झालं. नाल्यातला गाळ काढणं चांगलंच. पण मुरूम आणि मांजऱ्या हे आपले पाणी धरणारे थर. नाला त्यांना आरपार कापत गेला तर दोन्ही बाजूंच्या शेतांखालचं पाणी त्या चरात येऊन पडतं आणि वाहून किंवा उडून जातं. नाल्यात पाणी दिसतं, फोटो निघतो, आणि काठच्या विहिरींची पातळी उतरते. शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला शेततळं उत्तम. प्लास्टिक अंथरून बोअरच्या पाण्यानं भरलेलं शेततळं पाणी मुरवत नाही. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी ते उन्हात आणून ठेवतं. आपल्या कोरड्या भागांत उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड-दोन मीटर पाणी उडून जातं. असं तळं भरणाऱ्या शेतकऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. शेजाऱ्यानं उपसायच्या आत आपण उपसून ठेवावं, हा त्यामागचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर आहे. एका परातीत जेवायला बसलेल्या चौघांपैकी कुणीच सावकाश जेवत नाही.

बोअरचं पाणी शुद्ध असतं, या समजाबद्दल थोडक्यात. खडकातून गाळून आल्यामुळे त्यात गढूळपणा कमी असतो, जंतूही साधारणपणे कमी. पण जितका काळ ते खडकात राहतं तितकी खनिजं त्यात उतरतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत फ्लोराइड इतकं आहे की दात आणि हाडं खराब होतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. ते दिसत नाही, चवीला कळत नाही, आणि उकळल्यानं जात नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर पूर्णेच्या गाळात पाणी भरपूर, पण खारं. तिथे पाणाड्याची गरजच नाही.

शेजाऱ्याला लागलं, मग मला का नाही? याचं उत्तर बऱ्याचदा एखाद्या काळ्या भिंतीत असतं. भेगांमधून वर येता येता तिथेच थिजलेला लाव्हा जमिनीत उभ्या भिंतीसारखा राहतो, त्याला आम्ही डाईक म्हणतो. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती मैलोगणती आहेत, टेकड्यांच्या सरळ रांगांसारख्या जमिनीवरही दिसतात. डाईक घट्ट असेल तर पाणी त्याच्या वरच्या अंगाला अडतं. एका बांधावर विहीर तुडुंब आणि चाळीस पावलांवर कोरडी ठाक, असं होतं ते यामुळे. पाणी सरळ रेषेत ‘झऱ्यानं’ येतं, या समजुतीला बळ मिळालं असेल तर ते बहुधा अशाच जागांमुळे.

शेवटचा गैरसमज खडकाबद्दलचा नाही, मालकीबद्दलचा आहे. माझ्या जमिनीखालचं पाणी माझं. १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या सुविधाधिकार कायद्यानं जमिनीच्या मालकाला खालचं पाणी घेण्याची मुभा दिली, तेव्हा मोट होती. महाराष्ट्रानं १९९३ मध्ये सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणला, आणि २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये लागू झाला. त्यात ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरी व बोअर ‘खोल विहिरी’ धरून त्यांवर बंधनं घातली आहेत. अंमलबजावणी किती होते ते रस्त्यानं जाणाऱ्या बोअरच्या गाड्या पाहून कळतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं कायद्याची वाट पाहिली नाही. शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही, आणि दरवर्षी पावसाचा हिशेब ग्रामसभेत मांडून मग रब्बीला काय आणि किती घ्यायचं ते ठरवायचं. पावसाच्या छायेतलंच गाव आहे, खडकही तोच. या बदलाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांचं नाव सगळे घेतात, झाडं आणि बंधारे बघायला बसगाड्या जातात. त्या गावाची खरी करामत मात्र ग्रामसभेच्या वहीत आहे, आणि ती बघायला कमी लोक जातात.

तरीही बोअर मारायचाच असेल, तर आधी आसपासच्या पाच-सात विहिरींत डोकावून या. विहिरीच्या भिंतीवर मुरूम कुठे संपतो, मांजऱ्या कुठे लागतो, लाल पट्टा आहे का, पाझर कोणत्या पातळीवर ओला दिसतो, हे सगळं उघडं असतं आणि फुकट असतं. उन्हाळ्यात गेलात तर आणखी नीट दिसतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी ते वर्षातून चार वेळा मोजतात, त्यामुळे तुमच्या पाणलोटात उपसा जास्त झाला आहे का, हे तिथे कळू शकतं. गाडी सुरू झाली की एका माणसानं वही घेऊन उभं राहावं आणि दर दहा फुटांना वर येणारी पूड काळी, राखाडी की लाल, कोरडी की ओली, ते लिहावं. पुढे शेजारी बोअर घ्यायला निघाला तर ही वही त्याला काठीपेक्षा जास्त सांगेल. आणि दोनशे फुटांपर्यंत काही लागलं नाही तर तिथेच थांबा. दर फुटावर असतो आणि खोलीबरोबर तोही वाढत जातो, त्यामुळे ‘अजून पन्नास बघू’ हा सल्ला गाडीवाल्याकडून येणार, हे आधीच धरून चाला.